रोल्स रॉइस सिल्व्हर शॅडो इतकी साधी का दिसते?

भटक्या_मँचेस्टर:
मंडळी, मी मँचेस्टरला असतो. परवा रविवारी इथे जवळच जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तिथे १९७२ ची सिल्व्हर शॅडो बघितली. लहानपणापासून रोल्स म्हटलं की डोळ्यासमोर संस्थानिकांच्या फोटोतली गाडी येते, ते मोठ्ठे मडगार्ड, बाजूला पायरी वगैरे. ही मात्र पुढची जाळी आणि वरची ती परीची मूर्ती सोडली तर चक्क चौकोनी, चार दारांची सेदान. कंपनीने पैसे वाचवायला असं केलं की त्यामागे काही विचार होता? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

जुनं_लोखंड:
विचार होता, आणि खूप मोठा होता. शॅडोच्या आधीची सिल्व्हर क्लाउड म्हणजे खाली वेगळी चासी (गाडीचा सांगाडा) आणि तिच्यावर बॉडी. संस्थानिकांच्या गाड्या वेगवेगळ्या दिसायच्या त्या यामुळेच, कंपनी चासी द्यायची आणि बॉडी बाहेरच्या कारागिरांकडून बांधून घ्यायची. १९६५ ला शॅडो आली आणि चासी-बॉडी एकच झाली, रोल्समधे पहिल्यांदा. डिझाइन कंपनीच्याच जॉन ब्लॅचलीचं. क्लाउडपेक्षा ७ इंच लांबीला कमी, साडेतीन इंच रुंदीला कमी, आणि तरी आत जागा जास्त! मडगार्डचा फुगवटा काढला, बाजू सरळ केल्या, ती जागा आत बसणाऱ्यांना मिळाली. तुम्हाला जो साधेपणा वाटतोय ना तो इथून आलाय, पैसे वाचवण्यातून नाही. नाव आधी सिल्व्हर मिस्ट ठेवणार होते पण जर्मनमधे मिस्ट म्हणजे शेणखत, म्हणून शॅडो केलं.

ब्रेकऑइल:
वरच्या प्रतिसादात भर घालतो, कारण खरी मजा पत्र्याखाली आहे. क्लाउडला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, शॅडोला चारही डिस्क ब्रेक आणि मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक खड्ड्यात स्वतंत्रपणे वरखाली होतं, आणि हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, सिट्रॉएन या फ्रेंच कंपनीच्या लायसन्सवर घेतलेली. इंजिनवरचे दोन पंप तेलाला प्रेशर देतात, ते नायट्रोजन भरलेल्या गोळ्यांमधे साठतं आणि त्यावर ब्रेकही चालतात आणि गाडीची उंचीही सांभाळली जाते, म्हणजे मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं तरी गाडी मागून बसत नाही.
मी बर्मिंगहॅमजवळ एका वर्कशॉपमधे सहा वर्षं होतो. एकदा शॅडो टो होऊन आली, डॅशबोर्डवर ब्रेकचे दोन्ही लाल दिवे लागलेले. ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत हिरवं तेल! ते १९८० नंतरच्या मॉडेलचं मिनरल ऑइल, शॅडोला वेगळं ब्रेक फ्लुइड लागतं. आधी कुठेतरी कोणीतरी नुसतं टॉप-अप केलं होतं आणि सगळ्या सिस्टीमची रबरी सील फुगून गेली. पंपापासून चाकापर्यंत सगळं खोलावं लागलं, मालकाच्या डोळ्यात पाणी होतं. म्हणून शॅडो घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इंजिनचा आवाज नंतर ऐका, आधी ते झाकण उघडा.

सायली_क:
जाळीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ती हाताने बनवायचे, आणि तिच्या कडा सरळ दिसतात पण सरळ नसतात, अगदी किंचित बाहेर बाक असतो. एकदम सरळ ठेवल्या तर डोळ्याला आत दबलेल्या दिसतात. ग्रीक लोकांनी पार्थेनॉनच्या खांबांना हेच केलंय. मी आर्किटेक्चर शिकत असताना हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून त्या जाळीकडे नुसती बघत राहते.

भटक्या_मँचेस्टर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मी त्या गाडीसमोर दहा मिनिटं उभा होतो आणि जाळी सरळच वाटली मला! पुढच्या महिन्यात परत गाड्या येणार आहेत, या वेळी स्टीलपट्टी घेऊन जातो, मालक आजोबांनी लावू दिली तर फोटो टाकतो. आणि तेलाचंही विचारतो त्यांना.