मदत हवी आहे: दुबईत कंपनी काढू की नुसता माल पाठवू?

उद्योगी_७७: जरा लवकर सांगा, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. दुबईतला एक व्यापारी मागे लागलाय, "इथे फ्री झोनमध्ये (परदेशी कंपन्यांसाठी सवलतींचा वेगळा भाग) कंपनी काढा, पैसे घाला, बाकी मी बघतो." सीए नको म्हणतात, दादा काढ म्हणतो. भारत-यूएईच्या सीईपीए व्यापार करारामुळे ड्युटी शून्य झाली ना? मग कंपनी कशाला?

मंदार_व: माल कोणता? एचएस कोड (कस्टम्समधला मालाचा वर्गीकरण क्रमांक)?

उद्योगी_७७: मालाचा काय संबंध? आयईसी (आयात-निर्यात कोड) वगैरे सगळं आहे.

अनघा_क: संबंध मालाचाच आहे. करार १ मे २०२२ पासून लागू आहे, पण सवलत कोडवार आहे. ती मिळायला सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला लागतो, नाहीतर नेहमीची ५ टक्के भरा.

खडूस_काका: दुबईत आधीच चिक्कार गर्दी. माझं ऐका, केनियात जा.

मंदार_व: काका, प्रत्येक धाग्यावर केनिया!

उद्योगी_७७: केसांचं तेल आणि साबण. आयुर्वेदिक.

अनघा_क: अहो, हे आधी सांगायचं ना! दुबईत असा माल विकण्याआधी नगरपालिकेच्या 'मोंताजी' या नोंदणी प्रणालीवर नोंदवावा लागतो, आणि नोंदणी तिथला परवाना असलेली कंपनीच करते. त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर केली आणि उद्या तुमचं बिनसलं, तर निस्तरत बसाल. आणि बाटलीवर 'केस गळणे थांबवते' असलं काही छापलंय का? सौंदर्यप्रसाधनावर औषधी दावा चालत नाही.

उद्योगी_७७: छापलंय. मोठ्या अक्षरात.

प्रवासी_पक्षी: २० लाख दिरहमचं घर घ्या, गोल्डन व्हिसा (तिथे दीर्घकाळ राहायचा) मिळतो. माझ्या मेव्हण्याने घेतला, मरीनाकडे. बाल्कनीतून काय दिसतं म्हणून सांगू!

मंदार_व: घराचं कोणी विचारलंय? उद्योगी, फ्री झोनमधून माल शहरातल्या बाजारात आणला की ती आयात धरतात, ड्युटी तिथे लागते. दुकानांना विकायचं तर मेनलँड (फ्री झोनबाहेरच्या) परवान्याचा विचार करा. २०२१ पासून बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी परदेशी माणसाला ठेवता येते. पैसे स्वतःच्या खात्यातून नेणार असाल तर एलआरएसची (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) मर्यादा आहे, वर्षाला अडीच लाख डॉलर. बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) भरूनच पाठवा.

खडूस_काका: आणि करमुक्त दुबई विसरा. जून २०२३ पासून ९ टक्के कॉर्पोरेट टॅक्स आहे.

अनघा_क: ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य आहे, काका. अर्धवट सांगून घाबरवू नका.

उद्योगी_७७: तो व्यापारी म्हणतो ५१ टक्के मालकी त्याच्या नावावर, तिथला नियमच आहे.

मंदार_व: हे आत्ता सांगताय? वर काय लिहिलं मी? आणि पैसे कोणाचे?

उद्योगी_७७: सगळे माझे.

मंदार_व: मग शुक्रवारी नाही म्हणून कळवा. त्याला खरंच माल हवा असेल तर आगाऊ पैसे किंवा एलसीवर (बँकेच्या पैशांच्या हमीपत्रावर) छोटी ऑर्डर देईल. उधारी मागितली तर ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर घ्या. लेबल मात्र आजच बदलायला टाका.

प्रवासी_पक्षी: ते तेल मिळतं कुठे?