सारणीतून काढलेला मध्य मूळ मध्यापेक्षा वेगळा का येतो?

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर
प्रकल्पासाठी मी पूर्व भागातील एका टॉवेल कारखान्यातील दहा जणांची आठवड्याची मजुरी नोंदवली आहे. चढत्या क्रमाने ती रुपयांत अशी आहे : २१००, २२००, २२००, २३००, २४००, २५००, २६००, २७००, ३०००, ६०००. बेरीज २८,००० आणि मध्य (सरासरी) २८०० येतो. परंतु २०००–३०००, ३०००–४००० असे वर्ग पाडून सारणी केली आणि वर्गमध्यांवरून (प्रत्येक वर्गाच्या मधोमधच्या किमतीवरून) काढला असता तोच मध्य ३००० येतो. अहवालात कोणता आकडा द्यावा? शिवाय दहापैकी आठ जणांना २८०० पेक्षा कमी मिळत असताना ही सरासरी योग्य म्हणावी का?

निवृत्त गणित शिक्षक
आपली आकडेमोड बरोबर आहे. सारणी करताना प्रत्येकाची खरी मजुरी मागे पडते आणि वर्गातील सर्वांची मजुरी वर्गमध्याइतकी आहे, असे आपण गृहीत धरतो. पहिल्या वर्गातील आठ जणांची खरी बेरीज १९,००० असताना सारणी ती २०,००० मानते. ३००० ही मजुरी असमावेशक पद्धतीनुसार (म्हणजे वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात न धरता) पुढच्या वर्गात जाऊन ३५०० मानली जाते, तर ६००० च्या जागी ६५०० येतात. असे एकूण २००० रुपये वाढतात आणि दहांनी भागल्यावर २०० चा फरक उरतो. वर्गांतर (वर्गाची रुंदी) ५०० ठेवल्यास मध्य २९०० येतो, म्हणजे फरक निम्म्यावर येतो. मूळ नोंदी हाताशी असताना २८०० हाच आकडा द्यावा. सारणीवरून मध्य काढण्याची पद्धत मुख्यतः नोंदी फार असतात किंवा केवळ सारणीच उपलब्ध असते तेव्हासाठी आहे.

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या सामग्रीचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातील मधली किंमत, २४०० आणि २५०० यांच्या मधोमध, म्हणजे २४५० आहे. शेवटची मजुरी ६००० ऐवजी ९००० असती, तर मध्य ३१०० झाला असता, पण मध्यक जागचा हलला नसता. म्हणून मजुरीविषयी लिहिताना मध्यक द्यावाच.

यंत्रमाग व्यवसायातील एक वाचक
सहा हजार मिळवणारी व्यक्ती बहुधा जॉबर असावी. माग दुरुस्त करणाऱ्याची आणि नगावर काम करणाऱ्यांची मजुरी एकाच यादीत घालणे मला पटत नाही, कारण त्यांच्या कामाचे स्वरूपच भिन्न असते. तसे असल्यास जॉबरची नोंद वेगळी दाखवावी. उरलेल्या नऊ जणांचा मध्य सुमारे २४४४ आणि मध्यक २४०० येतो.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर
होय, ते जॉबरच आहेत. बहुलक (सर्वाधिक वेळा येणारी किंमत) २२०० येतो. तोही द्यावा का?

निवृत्त गणित शिक्षक
देण्यास हरकत नाही, परंतु २२०० रुपये केवळ दोघांनाच मिळतात, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नये. जॉबरची नोंद वेगळी का केली, हे मात्र सारणीखाली स्पष्ट लिहावे आणि दहाही मूळ नोंदी परिशिष्टात जोडाव्यात.