जुन्या बुलेट 350 मधून येणारे वेगवेगळे आवाज : इंजिन खोलण्यापूर्वी काय तपासावे?

अंत्रुजवासी, फोंडा :

माझ्याकडे वडिलांनी घेतलेली 1994 सालची बुलेट 350 आहे. उजव्या पायाने टाकायचे चार गिअर, पॉइंटचे इग्निशन आणि बिडाचे सिलिंडर असलेले हे जुन्या बनावटीचे इंजिन आहे. पावसाळ्यात गाडी बहुतेक काळ झाकून ठेवलेली होती. चवथीनंतर ती पुन्हा रोज वापरायला काढली, तेव्हापासून तिच्यातून वेगवेगळे आवाज येऊ लागले आहेत.

इंजिनाच्या वरच्या भागातून, उजव्या बाजूने, बारीक टिकटिक ऐकू येते. ती गाडी थंड असताना येते आणि तापल्यावरही राहते. डाव्या बाजूच्या मोठ्या झाकणातून मंद आयडलवर खडखड होते, परंतु थ्रॉटल थोडा उघडून वेग स्थिर ठेवला की ती जवळजवळ थांबते. थांबलेली गाडी पुढे काढताना, तसेच थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर, मागून एकदाच ‘कट्’ असा धक्का जाणवतो. शिवाय फर्मागुडीचा उतार उतरताना पुढच्या बाजूने चूं-चूं असा आवाज येतो. धूर नाही, आणि किकला दाबही चांगला लागतो.

येथील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली असता बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून मोठा पिस्टन बसवणे) करावे लागेल, असे सांगण्यात आले. तो खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल, आणि यांपैकी कोणता आवाज खरोखर काळजी करण्यासारखा आहे, हे जाणकारांनी सांगावे. गाडी आठवडाभर उभी राहिली की पट्टीवर ऑइलची पातळी बरीच खाली दिसते. तेव्हा ऑइल ओतावे का, हाही एक प्रश्न आहे.

निवृत्त फिटर, म्हापसा :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे घाई केल्यास नुकसान होते. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच (इंजिनाच्या खालच्या कवचाच्या) ओतीव भागात असली तरी ती वेगळ्या कप्प्यात आहे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपातून ऑइल हळूहळू झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरते. त्यामुळे पट्टी कोरडी दिसते, पण ऑइल कोठेही गेलेले नसते. अशा वेळी वरून ओतल्यास ते प्रमाणापेक्षा जास्त होते आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर फेकले जाते. इंजिन सुरू करून काही मिनिटे चालू द्यावे, पंप ऑइल टाकीत परत आणतो, आणि बंद केल्यानंतर लगेच पातळी पाहावी. तेव्हाही ती कमी असेल तरच 20डब्ल्यू50 प्रतीचे ऑइल घालावे.

आता आवाजांविषयी. कोणत्याही आवाजाचे नाव ठरवण्यापूर्वी तो कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर थांबतो, हे नीट पाहावे. गाडी उभी असताना इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारा आवाज इंजिनाचा किंवा प्रायमरीचा, म्हणजे इंजिनाची शक्ती क्लचपर्यंत नेणाऱ्या आतल्या चेनचा असतो. उतारावर इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी सोडली आणि तरीही आवाज आला, तर त्याचा संबंध चाके, चेन, ब्रेक किंवा मीटरच्या केबलशी आहे. अर्थात ही तपासणी रिकाम्या आणि हलक्या उताराच्या रस्त्यावरच करावी. तिसरी खूण क्लचची. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना क्लच दाबल्यावर आवाज थांबला, तर क्लच प्लेट किंवा गिअरबॉक्सकडे पाहावे. तो तसाच राहिला, तर गिअरबॉक्सवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचे टोक इंजिनाच्या एकेका भागावर टेकवावे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावावी. टॅपेटचे झाकण, टायमिंगचे झाकण, डावीकडचे प्रायमरीचे झाकण आणि क्रँककेसचा खालचा भाग, असे क्रमाने ऐकल्यास आवाज नेमका कोठे मोठा होतो ते कळते. फिरणाऱ्या भागांपासून हात व कपडे दूर ठेवावेत.

आपल्या वर्णनावरून टिकटिक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतील सैलपणाची वाटते. तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करायची, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्यायची. स्पार्क प्लग काढून गाडी टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे. प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला आतली हवा ढकलू लागली की तो दाबाचा फेरा समजावा. भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ धरून पिस्टन सर्वांत वर आल्याचे पाहावे. धातूची सळई घालू नये, ती तिरकी अडकते. या स्थितीत टॅपेटचे झाकण काढून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे उभे दांडे) बोटांनी फिरवून पाहावेत. ते सहज फिरले पाहिजेत, परंतु वर-खाली हलता कामा नयेत. एखादा वर-खाली हलत असेल, तर आपली टिकटिक तीच.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट करावी. हेडकडे जाणाऱ्या ऑइलच्या बारीक नळीचा बोल्ट इंजिन चालू असताना किंचित सैल करावा. तेथे ऑइल पाझरले पाहिजे. या इंजिनाचा पंप ऑइल फार जोराने ढकलत नाही, म्हणून धार लागण्याची अपेक्षा ठेवू नये. पण काहीच आले नाही, तर इंजिन तत्काळ बंद करावे. कारण बिग एंडचे (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तेथले) बेअरिंग या इंजिनात सर्वस्वी ऑइलवर जगते, आणि ऑइल कोठेतरी अडले असण्याची शक्यता बाकी सर्व आवाजांपेक्षा गंभीर आहे.

सत्तरीकर, वाळपई :

मागच्या आणि पुढच्या चाकाविषयी लिहितो. ‘कट्’ हा धक्का थ्रॉटल देताना आणि सोडताना एकदाच येत असेल, तर मागच्या ड्रममधील रबर बसले असावेत. स्प्रॉकेट आणि हब यांच्यामध्ये हे रबराचे ठोकळे धक्का शोषून घेण्यासाठी असतात. ते कडक झाले किंवा झिजले की त्यांच्या जागेत पोकळी पडते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन एकाने मागचा ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने चाक हाताने मागे-पुढे हलवून पाहावे. या गाडीत स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमलाच असते, म्हणून ते स्थिर राहून चाक मोकळेपणाने हलत असल्यास रबर बदलावेत. त्यांचा खर्च थोडा असतो.

धक्का जर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक जागी येत असेल, तर दोष चेनचा असतो. चाक हळूहळू फिरवत चेनचा खालचा पदर वेगवेगळ्या ठिकाणी बोटाने वर-खाली करावा. साधारण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल सर्वत्र सारखी असावी. एका ठिकाणी चेन ताठ आणि दुसऱ्या ठिकाणी लोंबत असेल, तर ती असमान ताणली गेली आहे, आणि कितीही अॅडजस्ट केली तरी सैल भागात खडखडेल व ताठ भागात बेअरिंगवर ताण देईल. अशी चेन दोन्ही स्प्रॉकेटसह बदलावी; नवी चेन जुन्या दात्यांवर घातल्यास ती लवकर खराब होते. आमच्याकडे लाल मातीचा चिखल चेनमध्ये वाळून घट्ट बसतो. जे रोज फेरीबोटीने ये-जा करतात, त्यांच्या गाड्यांच्या चेनला धक्क्यावरचे खारे पाणी लागते आणि कड्या आतून गंजून आखडतात. पावसानंतर चेन रॉकेलने धुऊन, पुसून, ऑइल दिल्याशिवाय तिच्याविषयी निष्कर्ष काढू नये.

पुढचा चूं-चूं आवाज मला मीटरच्या केबलचा वाटतो. या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, आणि पावसाळ्यात केबलच्या आतील ग्रीस निघून जाते. केबल चाकाकडून सोडवून गाडी थोडे अंतर चालवून पाहावी. आवाज गेला, तर केबल काढून ग्रीस करावी. गेला नाही, तर पुढचे चाक उचलून हाताने फिरवावे आणि ब्रेकच्या ड्रममध्ये धूळ साचली आहे का ते पाहावे.

कुशावतीकाठ, केपे :

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक इशारा द्यावासा वाटतो. टॅपेटचा आवाज नाहीसा करण्याच्या हौसेने पुशरॉड घट्ट केले जातात, आणि हे सैल ठेवण्यापेक्षा वाईट आहे. घट्ट पुशरॉडमुळे व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये जात नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गाडी सुरू व्हायला त्रास होऊ लागतो, दाब कमी लागतो. लॉकनट आवळताना माप बदलते, म्हणून आवळल्यानंतर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहणे आवश्यक आहे. या इंजिनाची थोडी किणकिण राहणारच.

बोअरिंगच्या सल्ल्याविषयी मला तीव्र मतभेद नोंदवायचा आहे. बोअरिंगने सिलिंडर आणि पिस्टन यांच्यातील जास्तीची फट जाते. निळा धूर, ऑइलचा खप, दाब कमी होणे, आणि थंड इंजिनात येऊन तापल्यावर कमी होणारी पिस्टनची थाप, या तक्रारींवर तो उपाय आहे. यांपैकी एकही तक्रार आपण सांगितलेली नाही. बिग एंडचा ठोका वेगळा असतो: तो खोल असतो, क्रँककेसमधून येतो, इंजिन तापल्यावर आणि भार पडल्यावर वाढतो. तो आवाज असेल तर क्रँक खोलावा लागतो, आणि केवळ बोअरिंग करून गाडी परत मिळाली तर ठोका जसाच्या तसा राहतो. म्हणून कोणीही बोअरिंग सांगितले, तर कोणत्या लक्षणावरून, हे विचारून घ्यावे.

चोर्ला घाट चढताना वरच्या गिअरमध्ये खडे हलवल्यासारखी किणकिण येत असल्यास तेही तपासावे. तो बहुधा इग्निशन वेळेआधी होत असल्याचा परिणाम असतो. पॉइंटची फट आणि ॲडव्हान्स युनिटच्या (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगा पाहिल्याशिवाय तो आवाज इंजिनाच्या झिजेवर ढकलू नये.

अंत्रुजवासी, फोंडा :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. इंजिन चालवल्यानंतर ऑइलची पातळी बरोबर निघाली, आणि हेडकडच्या नळीच्या बोल्टमधून ऑइल पाझरले. एक पुशरॉड स्पष्टपणे वर-खाली हलत होता. तो अॅडजस्ट केल्यावर टिकटिक बरीच कमी झाली, आणि लॉकनटनंतर पुन्हा तपासला तेव्हाही तो सहज फिरत होता. केबल सोडल्यावर चूं-चूं थांबले. मागचे चाक ब्रेक दाबलेला असताना बोटभर हलते, म्हणजे रबर बदलावेच लागतील. चेनची हालचाल सर्वत्र सारखी आहे. क्रँककेसच्या खालच्या भागावर कोणताही खोल ठोका ऐकू आला नाही.

डावीकडची खडखड मात्र क्लच दाबूनही तशीच राहते आणि प्रायमरीच्या झाकणावरच सर्वांत मोठी ऐकू येते. हे झाकण मी उघडावे का?

निवृत्त फिटर, म्हापसा :

उघडावे, कारण आता संशय प्रायमरी चेनवर येऊन थांबला आहे. मंद आयडलवर एका सिलिंडरच्या इंजिनाची फिरण्याची गती प्रत्येक स्फोटाला पुढे-मागे होते, सैल चेन त्या हेलकाव्यात आपटते, आणि वेग स्थिर झाला की ताणली जाते. आपण पहिल्याच पत्रात लिहिलेले लक्षण याला तंतोतंत जुळते. डावीकडचा फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल काढावे लागेल. झाकणाच्या आतील ऑइल इंजिनापासून वेगळे असते, तेव्हा खाली भांडे ठेवावे. झाकण मधल्या एकाच मोठ्या नटावर बसते. ते सुटत नसल्यास कडेला पेचकस घालून उचकटू नये, कारण खाच पडली की त्या जागेतून ऑइल कायम गळते.

चेन हळूहळू पूर्ण फिरवून सर्वांत ताठ जागी तिची हालचाल पाहावी. तेथे सुमारे 6 मिलिमीटर ठेवून अॅडजस्टर लावावा. अॅडजस्टर शेवटपर्यंत गेला असूनही चेन सैल राहत असेल, तर ती बदलण्याच्या लायकीची आहे. झाकण उघडे असतानाच अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) रोटरकडे, म्हणजे फिरणाऱ्या भागाकडे, प्रकाश टाकून पाहावे: त्याच्या कडेवर किंवा भोवतीच्या स्थिर स्टेटरवर घासल्याच्या चकचकीत खुणा असतील, तर रोटरचा नट सैल आहे किंवा स्टेटर मध्यावर बसलेला नाही, आणि चेन नीट करूनही आवाज थांबणार नाही. तळाशी साचलेल्या ऑइलमधून चुंबक फिरवावे. बारीक काळी भुकटी आली तर ती साधी झीज आहे, पण चेनच्या रोलरचे तुकडे आले तर माप न घेता चेन टाकून द्यावी. झाकण बंद करताना रबराची नवी सील घालावी आणि ऑइल लेव्हलच्या स्क्रूपर्यंतच भरावे. जास्त भरल्यास क्लचच्या प्लेट ओढ धरतात आणि गाडी तापल्यावर न्यूट्रल मिळेनासा होतो.