अनुभव सांगा: टाकी तयार, पाणी तयार, पण मासे अजून नाहीत!

ओली_फरशी
काल बहिणीने फोटो पाठवला. भाच्याला वाढदिवसाला कोणीतरी फिशटँक दिलाय. दीड फुटी टाकी, वर लाल रिबीन आणि आत त्याच दिवशी सोडलेले सहा गोल्डफिश. मी फोन करून अमोनियाचं सांगायला लागले तर म्हणाली, "तू आणि तुझे सासरे मिळून क्लास काढा आता." त्यावरून आमची टाकी आठवली, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं पाणी बदलत राहिलं की निभतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर बसतात आणि फार सावकाश वाढतात, साधारण चार ते सहा आठवडे. मासे नसताना त्यांना खायला अमोनिया आपण द्यायचा. यालाच टाकी सायकल करणं म्हणतात.

आम्ही नवसागर वापरला. कल्हईवाला वापरतो तोच, अमोनियम क्लोराइड. दोन फुटी टाकीत पन्नासेक लिटर पाणी, त्याला अर्धा ग्रॅम पुरतो. अर्धा ग्रॅम मोजायचा कुठे? सासऱ्यांच्या ओळखीचा सोनार. त्याने तराजूवर पुड्या बांधून दिल्या आणि हे नक्की कशासाठी ते चार वेळा विचारलं.

सुरुवातीला सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईंनी पाणी पाळलंय." मग टेस्ट किट आलं आणि गाडी फिरली. सकाळी चहा झाला की काचेची नळी घेऊन खिडकीपाशी, मागे पांढरा कागद, चष्मा कपाळावर आणि रंगाच्या तक्त्यावर बोट. अमोनियाचा हिरवा उतरून पिवळा झाला त्या दिवशी खूश. पण नायट्राइटचा जांभळा काही हलेना. रोज तोच वाद, हा वांगी रंग की जांभूळ रंग. शेवटी एकदा नळीतलं पाणी निळंच राहिलं तर मला ऑफिसात फोन: "निळा आलाय. घेऊन टाकू मासे?"

तुमच्याकडे काय झालं? घरचे कसे वागले तेही लिहा. त्यातच खरी गंमत आहे.

पाणकावळा
पाणी पाळलंय 😂😂 सासऱ्यांना दंडवत.
आमच्याकडे टाकी रिकामी असतानाच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. प्रत्येक बाई वाकून बघणार आणि आई प्रत्येकीला "अजून यायचेत" म्हणणार, जसे काही पाहुणे गाडीत बसलेत. एका काकूंना तर लाकडामागे मासा दिसलाही. "लाजाळू आहे हो!"

खमंग_काकडी
टाकीचं सोडा, आमच्याकडे वास्तूवाले आले होते. आठ लाल आणि एक काळा, ईशान्येला. मी म्हटलं ईशान्येला गॅस आहे. मग गॅस हलवा म्हणे. कुकरची शिट्टी झाली, येते परत

कमोडोर_बाबा
नवसागर बाजारातला घेताना जपून. कल्हईच्या मालात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. तांब्याचा अंश आला तर कोळंबी पहिली जाते. लॅबचं सामान विकणाऱ्याकडे शुद्ध मिळतो, महाग नसतो.

ओली_फरशी
@कमोडोर_बाबा बरोबर. आमच्याकडे कोळंबी नव्हती म्हणून निभावलं.

एसटीपी_सांभाळणारा
मी सोसायट्यांचे सांडपाण्याचे प्लांट चालवतो. तुम्ही ज्याची सहा आठवडे वाट बघता तेच आमच्या एअरेशन टँकमध्ये चोवीस तास चालू असतं, तेच जिवाणू, तोच हवेचा खेळ. नवा प्लांट सुरू करताना आम्ही वाट बघत बसत नाही, जुन्या प्लांटमधला गाळ टँकरने आणून ओततो. कोणाला हवा असेल तर बादली घेऊन या, फुकट 😄

पाणकावळा
@एसटीपी_सांभाळणारा ती बादली हॉलमध्ये आणली तर मलाच घराबाहेर सायकल करावं लागेल

कोकणी_झिंगा
गाळ नको, पण तत्त्व तेच. मी कोळंबीच्या हॅचरीत काम केलंय. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ज्याची टाकी वर्षभर नीट चाललीय अशा मित्राच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा. ओला ठेवून तासा-दोन तासांत आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. वेळ निम्म्यावर येतो, कधी त्याहून कमी. फक्त त्या टाकीत रोगराई नाही ना ते बघा. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून काही होत नाही, जिवाणू पाण्यात नाममात्र असतात, पृष्ठभागाला चिकटलेले असतात. लोक बाटल्या भरभरून पाणी नेतात!

दुसरं, पीएच. अमोनियाची दोन रूपं असतात, त्यातलं एकच जहाल. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा-पाऊण टक्का जहाल रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणून बोअरच्या जड पाण्यात मासे पटापट जातात आणि शेजाऱ्याच्या नळाच्या पाण्यात तेवढ्याच अमोनियात तग धरतात. आणि पीएच ६ च्या खाली घसरला तर जिवाणूच जवळजवळ संप करतात. पाणी स्वच्छ दिसावं म्हणून तुरटी फिरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, तुरटीने पीएच उतरतो.

खमंग_काकडी
आले परत. गॅस हलवला नाही. नवऱ्याने नऊच्या नऊ आणले, ते पण दोन फुटीत. दुकानदाराने टाकी, मासे आणि निळ्या थेंबांची बाटली एकाच पिशवीत दिली. "मॅडम दोन थेंब टाका, काही होत नाही." तिसऱ्या दिवसापासून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. काळा सगळ्यात आधी गेला. सासूबाई म्हणाल्या घरावरचं त्याने घेतलं.

मुळा_मुठा
अरेरे. @खमंग_काकडी ते निळे थेंब मेथिलीन ब्लू असतील तर त्याने जिवाणू पण मरतात, सायकल व्हायची ती पण होत नाही. वर कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं. क्लोरीनसाठीचे थेंब वेगळे, त्यात सोडियम थायोसल्फेट असतं. बाटलीवरचं नाव वाचा बायांनो आणि बाप्यांनो.

भाऊ_वऱ्हाडी
आमच्याइकडं नागपुरात मे मध्ये सुरू केली टाकी. पाणीच ३३-३४ अंश, हीटर कायले पाहिजे? जिवाणू गरमीत भराभर वाढते म्हंतात, वाढले बी. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राह्यते ना भाऊ. रात्री लाइन गेली का एअर पंप बंद, सकाळी पाण्याले वास. मंग बॅटरीवाला पंप घेतला. कूलरमधी पाणी टाकाले माणूस नाही अन् माश्याले बॅटरी, बायको असं म्हणे.

जुना_शौकीन
सगळं वाचलं. आम्ही ऐंशीच्या दशकात क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणायचो, वाळूखालची जाळीची प्लेट, एक एअर पंप, संपलं. ना किट ना नवसागर. मासे वर्षानुवर्षं जगले. हल्ली प्रत्येक गोष्टीचा प्रोजेक्ट करायची सवय लागलीय लोकांना.

कोकणी_झिंगा
@जुना_शौकीन काका, एक विचारू? पहिल्या दिवशी किती मासे सोडले होते?

जुना_शौकीन
तीन फुटीत दोन मोली. वडील म्हणायचे आधी दोन टिकू देत, मग बाकीचे. आणि पाणवनस्पती भरपूर.

कोकणी_झिंगा
मग वडिलांनी सायकलच केली की! दोन माशांचा अमोनिया तेवढ्या पाण्यात पसरणार, निम्मा वनस्पती खाणार, उरल्यावर जिवाणू वाढणार. वाळूखालची प्लेट म्हणजे तर अख्खी वाळूच फिल्टर. किट नव्हतं, धीर होता.

जुना_शौकीन
हे मान्य. वडिलांचं कौतुक केलंत म्हणून वाद मिटवतो.

सॅन_होजे_ची_सई
इकडे बे एरियात वेगळीच भानगड. भारतातली सवय, पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की क्लोरीन उडतो. इथल्या बऱ्याच भागात नळाला क्लोरामाइन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, ते रात्रभरात जात नाही. औषध घालून तोडलं तर त्यातून अमोनिया निघतो! म्हणजे टाकी सायकल झालेली असेल तरच तो पचतो. आई इकडे आली होती तेव्हा रोज निगुतीने बादली भरून ठेवायची. मी काही बोलले नाही, त्या पाण्यात नंतर गुपचूप थेंब टाकायचे.

तिखटजाळ
मला एक कळत नाही, पालिकेचे लोक डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतात ते हौदात, डबक्यात, कुठेही मजेत जगतात. पोरं होतात, नातवंडं होतात. माझ्या शंभर लिटरच्या टाकीत, फिल्टर, लाइट, इंपोर्टेड खाणं... आठवडा नाही काढला.

मुळा_मुठा
@तिखटजाळ डबक्याला तळाचा चिखल आहे, शेवाळ आहे, ते कधीचंच सायकल झालेलं आहे. आणि तिथे कोणी दिवसातून चार वेळा खाणं टाकत नाही. 😛

तिखटजाळ
चार नाही पाच. मुलगा, मुलगी, मी, आजोबा आणि कामाच्या मावशी.

शेवंती
माझा अनुभव सायकल झाल्यानंतरचा आहे, चालेल ना? सगळं छान बसलं होतं, दहा निऑन टेट्रा. दिवाळीची साफसफाई. नवऱ्याला म्हटलं फक्त पंखे पूस. त्याने उत्साहात फिल्टर उघडला, स्पंज नळाखाली भांड्याच्या साबणाने असा धुतला की नवा कोरा. मला अभिमानाने दाखवला. भाऊबीजेपर्यंत चार उरले.

ओली_फरशी
@शेवंती 😢 नव्या लोकांनो हे वाचा. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, मळकट दिसला तरी चालेल.

पाणकावळा
तरी नवरा साफसफाई करतो हे काय कमी

शेवंती
@पाणकावळा आता नाही करत. तेच हवं होतं बहुतेक त्याला.

सूक्ष्मदर्शी
थोडं शास्त्र, कंटाळा आला तर पुढे जा. जुन्या पुस्तकांत अमोनियासाठी नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर अशी जोडी असते. १९९० च्या दशकाच्या शेवटी कळलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये दुसरं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. मग २०१५ मध्ये असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही कामं एकटेच करतात. म्हणजे शंभरेक वर्षं आपण दोन पाळ्यांचा कारखाना समजत होतो. बाजारातल्या जिवाणूंच्या बाटल्यांवर म्हणूनच डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आत कोण आहे, जिवंत आहे का, दुकानात उन्हात किती दिवस पडली होती, सगळाच प्रश्न. काही चालतात, काही नुसतं पाणी.

खमंग_काकडी
पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं झालं होतं, ते हेच जिवाणू का?

सूक्ष्मदर्शी
नाही, ते वेगळे, सेंद्रिय कचऱ्यावर जगणारे, पाण्यात तरंगणारे. आपोआप ओसरतात. लोक घाबरून सगळं पाणी बदलतात, मग पुन्हा दूध. हात बांधून बसायचं.

दादरची_आजी
तुमचं वाचून तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. १९५१ सालचं ते, मी लहान असताना वडील न्यायचे. काचेपलीकडचं कासव माझ्याकडेच बघतंय असं वाटायचं. बाहेर मरीन ड्राइव्हवर भेळ. सायकल वगैरे मला कळलं नाही पण सगळे छान लिहिता.

पाणकावळा
आजी 🙏 भेळ महत्त्वाची

भाऊ_वऱ्हाडी
भेळवरून आठवलं, तर्री पोहे कोणाले माहीत हाय का इथं

तिखटजाळ
धागा गेला. 😄 जायच्या आधी एक विचारतो, मोठी टाकी घेतोय, तीन फुटी. खाली थर्माकोल लागतंच का? स्टँड लोखंडी आहे, वर प्लायवूड.

कमोडोर_बाबा
घालाच. प्लायवर एक खडा राहिला तरी सगळा भार तिथे येतो आणि तळाची काच तडकते. तीन फूट बाय दीड बाय दीड म्हणजे काठोकाठ भरली तर एकशे नव्वद लिटर, वर वाळू, दगड. भरल्यावर हलवता येणार नाही, जागा आधीच ठरवा.

खमंग_काकडी
ईशान्येला ठेवू नका, तिथे गॅस असतो