बालशिक्षणातील संशोधन शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

फळा_आणि_खडू:
नमस्कार. गेली आठ वर्षे मी तीन ते सहा वयोगटातील मुलांना शिकवत आहे आणि यंदा पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लघुप्रबंध लिहायचा आहे. 'खेळाचा बालकांच्या सर्वांगीण विकासावर होणारा परिणाम' असा विषय मी मार्गदर्शकांना दिला होता. तो "फार मोठा आहे" एवढ्याच शेऱ्यासह परत आला. संशोधनपद्धतीवरची पुस्तके उघडली, तर त्यांत प्रश्नावली, मुलाखत आणि चाचणी यांवरच भर दिसतो. पण चार वर्षांचे मूल प्रश्नावली कशी भरणार? विषय आटोक्यात कसा आणावा, एवढ्या लहान मुलांकडून विश्वासार्ह माहिती कशी मिळवावी आणि स्वतःच्याच वर्गात संशोधन करणे योग्य आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_निरीक्षक:
आपल्या शीर्षकातील 'खेळ', 'सर्वांगीण विकास' आणि 'परिणाम' हे तिन्ही शब्द अडचणीचे आहेत, आणि त्यांत 'परिणाम' सर्वांत महाग आहे. अमेरिकेतील पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पात 1960च्या दशकात 123 मुले होती. त्यांपैकी 58 जणांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळाले, 65 जणांना मिळाले नाही. कोणाला कोणत्या गटात घालायचे हे बव्हंशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले आणि ती मुले चाळिशीला पोहोचल्यावरही त्यांचा मागोवा घेतला जात होता. 'परिणाम' म्हणायचे तर तुलनेसाठी असा दुसरा गट लागतो. एका वर्षात, एका वर्गात ते होणे नाही.

त्याऐवजी डोळ्यांना दिसेल आणि मोजता येईल अशा गोष्टीकडे वळावे. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेला मुलांच्या सामाजिक सहभागाचा अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुक्त खेळाच्या वेळेत त्या एका मुलाकडे एक मिनिट पाहत, त्या मिनिटात ते मूल एकटे खेळते आहे, नुसते बघते आहे, इतरांच्या शेजारी बसून पण स्वतंत्रपणे खेळते आहे की खरोखर मिळून खेळते आहे, हे ठरवून नोंदवत आणि मग पुढच्या मुलाकडे वळत. साधने म्हणाल तर कागद, पेन्सिल आणि घड्याळ. मात्र प्रत्येक प्रकाराची व्याख्या आधी लिहून ठेवलेली होती, आणि शिकायचे असेल तर ते हेच शिकावे. 'मूल रमले होते' ही नोंद नव्हे, ते आपले मत झाले. 'मुलाने चार ठोकळे एकावर एक रचले, पाचवा पडल्यावर शेजारच्या मुलीकडे पाहिले आणि तोच ठोकळा पुन्हा उचलला' ही नोंद. महिनाभर रोज वीस मिनिटे अशा नोंदी कराव्यात. विषय बहुधा त्यांतूनच निघेल.

एकदाच_विचारा:
मुलांना प्रश्न विचारणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात दोन ओळींत सारख्याच सोंगट्या मांडून "दोन्हींत सारख्या आहेत का?" असे विचारतात, मग एक ओळ पसरून तोच प्रश्न पुन्हा विचारतात. रोझ आणि ब्लँक यांनी 1974 साली असे दाखवले की, मांडणी बदलल्यानंतर प्रश्न एकदाच विचारला तर सहा वर्षांची मुले अधिक वेळा बरोबर उत्तर देतात. कारण उघड आहे: मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की पहिले उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते. (आपण शिक्षकही वर्गात नेमके हेच करतो, उत्तर बरोबर असले की पुढे जातो, चुकले की पुन्हा विचारतो.) त्यामुळे आपण जे मोजतो ते मुलाची समज आहे की आपल्या चेहऱ्याचा त्याने लावलेला अर्थ आहे, हे प्रत्येक प्रश्नापूर्वी तपासावे.

फळा_आणि_खडू:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ही उत्तरे वाचून दोन आठवडे नोंदी केल्या. विषय आता असा आहे: 'मुक्त खेळात वस्तूवरून वाद झाल्यास चार ते पाच वर्षांची मुले मोठ्यांना बोलावण्यापूर्वी कोणते उपाय करून पाहतात?' मार्गदर्शकांनी होकारार्थी मान हलवली आहे. एक अडचण मात्र आहे. माझ्या नोंदी आणि सहकारी शिक्षिकेने त्याच वेळी केलेल्या नोंदी शंभरपैकी चौऱ्याऐंशी वेळा जुळल्या. हे प्रमाण पुरेसे मानावे का?

जुना_निरीक्षक:
आकडा ऐकायला चांगला आहे, पण त्यावर विसंबू नये. समजा, दोघींनीही ऐंशी टक्के वेळा 'हिसकावणे' आणि वीस टक्के वेळा 'इतर' असे लिहिले. अशा वेळी दोघींनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी अडुसष्ट टक्के नोंदी निव्वळ योगायोगाने जुळल्या असत्या. उरलेल्या बत्तीस टक्क्यांपैकी आपण सोळाच मिळवलेत, म्हणजे निम्मे. कोहेन यांचा 1960चा कॅप्पा गुणांक हाच हिशेब करतो आणि या उदाहरणात तो 0.5 येतो. ज्या सोळा जागी मतभेद झाला, त्या दोघींनी एकत्र बसून वाचाव्यात. बहुतेक वेळा दोष व्याख्येत सापडतो: दुसऱ्याच्या हातातील वस्तू हळूच ओढणे हे हिसकावणे धरायचे की मागणे, हे लिहून ठेवलेले नसते. व्याख्या सुधारल्यावर नव्या नोंदींवर पुन्हा तपासावे, त्याच जुन्या नोंदींवर नव्हे.

वर्गाबाहेरची:
आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. स्वतःच्या वर्गात संशोधन करता येते, परंतु पालक अशा वेळी 'नाही' म्हणायला कचरतात, कारण त्यांचे मूल आपल्याच हाताखाली शिकत असते. त्यामुळे परवानगीचे पत्र शक्य तर दुसऱ्या कोणी द्यावे आणि नकार दिल्याने मुलाला वर्गात मिळणाऱ्या वागणुकीत काहीही फरक पडणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहावे. पालकांच्या सहीने मुलाचा होकार मिळत नाही. तो दर वेळी वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा शब्दांत नसतो. मी एकदा चित्रे काढणाऱ्या मुलांच्या नोंदी घेत होते. एका मुलीने काही न बोलता डाव्या हाताचा पंजा कागदावर आडवा धरला आणि उजव्या हाताने रेघा ओढणे चालू ठेवले. मी सरकून पुढच्या मुलाकडे बसले आणि त्या दिवशीच्या तक्त्यात तिची ओळ रिकामी ठेवली. अशा रिकाम्या ओळी किती आणि का, हे प्रबंधात अवश्य नमूद करावे, परीक्षक विचारतातच.