जुन्या जी४१ बोर्डावर नवं सिरियल-पॅरलल कार्ड दिसतच नाही, काटा आणि प्रिंटर दोन्ही अडकलेत

अडतवाला_सांगली

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. वजनकाटा कॉम्प्युटरला सिरियल केबलने जोडलेला, आणि शेतकऱ्याची पट्टी निघते डॉट मॅट्रिक्सवर तीन कॉपीत, तो पॅरलल पोर्टवाला जुना प्रिंटर. सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, डॉसचं, वडिलांच्या काळात करून घेतलेलं, पण आजपर्यंत एक रुपयाचा हिशोब चुकला नाही त्यामुळे बदलायची इच्छा नाही. परवाच्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुनं पेंटियम फोर मशीन गेलं, चालूच होत नाही.

आता पाहुण्यांकडून एक कोअर टू ड्युओ मशीन आणलंय, जी४१ मदरबोर्ड, विंडोज ७ बत्तीस बिट. मागे फक्त व्हीजीए, यूएसबी, लॅन आणि ऑडिओ. सिरियल नाही पॅरलल नाही. म्हणून एक पीसीआय एक्सप्रेस कार्ड मागवलं, एक सिरियल एक पॅरलल वालं. छोट्या स्लॉटमध्ये घातलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच येत नाही, पिवळं चिन्हसुद्धा नाही. लांब स्लॉटमध्ये घातलं तर मशीन चालू होतं, फॅन फिरतो, पण स्क्रीन काळीच. आणि तेच कार्ड भाच्याच्या नव्या मशीनमध्ये लगेच दिसलं म्हणजे कार्ड खराब नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड जुना कार्ड नवीन, जमणार नाही, नवा सेट घ्या. खरं आहे का हे? जुन्या मशीनमधलं एक पीसीआय सिरियल कार्ड पण पडलंय, खाली दोन खाचा असलेलं, ते चालेल का? सौदे चालू आहेत, पट्ट्या सध्या हाताने लिहितोय, लई हाल आहेत.

मिरजेचा_मेकॅनिक

दादा नवा सेट अजिबात घेऊ नका, कारण सांगतो. नव्या सेटवर विंडोज ११ येणार, ती फक्त चौसष्ट बिटमध्येच येते आणि चौसष्ट बिट विंडोजवर तुमचं डॉसचं सॉफ्टवेअर सरळ चालणारच नाही. मग काट्याचं राहिलं बाजूला, आधी सॉफ्टवेअरसाठीच पळापळ.

बोर्ड जुना कार्ड नवं हे कारण इथे लागू नाही. जी४१ वरचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस १.१ आहे, कार्ड त्याच्या पुढच्या व्हर्जनचं असलं तरी दोघं आपसात बोलून खालच्या स्पीडवर येतात, ही सोय स्टँडर्डमध्येच आहे. स्पीडचं म्हणाल तर त्या छोट्या स्लॉटला सेकंदाला २५० एमबी मिळतात आणि तुमचा काटा बोलतो बहुतेक ९६०० बॉडवर. हत्तीच्या पाठीवर मुंगी.

लांब स्लॉटमध्ये स्क्रीन का जाते तर तो स्लॉट ग्राफिक्स कार्डासाठी आहे, आणि काही बोर्डांचं बायोस (मशीन चालू होताना बोर्डावरच चालणारा प्रोग्राम) तिथे काहीही दिसलं की ग्राफिक्स कार्डच आलं असं धरून ऑनबोर्ड डिस्प्ले बंद करतं. बायोसमध्ये इनिट डिस्प्ले फर्स्ट किंवा तत्सम नावाचं ऑप्शन असतं ते ऑनबोर्डवर करून बघता येईल, पण काही बोर्डांवर ते करूनही उपयोग होत नाही, त्यामुळे त्या नादी लागू नका, छोटाच स्लॉट चालू करू.

छोट्या स्लॉटमध्ये कार्ड दिसतच नाही म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्नच नाही, ड्रायव्हर नसता तर अनोळखी डिव्हाइस म्हणून तरी आलं असतं. दोन गोष्टी बघा. एक, कार्डाची पत्र्याची पट्टी. स्वस्तातल्या कॅबिनेटचा पत्रा अर्धा एक मिलिमीटर इकडेतिकडे असतो, वरचा स्क्रू आवळला की कार्डाची मागची बाजू स्लॉटमधून उचलते. डोळ्याला बसल्यासारखं दिसतं पण कॉन्टॅक्ट नसतो. मशीन बंद, पॉवरची पिन काढा, पट्टी पूर्ण खोला, नुसतं कार्ड पट्टीशिवाय सरळ दाबून बसवा आणि मग चालू करून बघा. दोन, स्लॉटमधली धूळ. हळदीच्या दुकानातल्या मशीनला तर विचारायलाच नको, ब्रश आणि ब्लोअर मारा, कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना खोडरबर.

जुन्या पीसीआय कार्डाला दोन खाचा आहेत म्हणजे ते ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट दोन्हीवर चालणारं आहे, तुमच्या बोर्डावर पांढरा पीसीआय स्लॉट असेल तर बिनधास्त बसेल. फक्त त्याचा विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळतो का ते चीपवरचा नंबर वाचून बघावं लागेल.

कराडचा_केबलवाला

वरचं सगळं बरोबर पण मूळ मुद्दा राहिला. डॉसचं सॉफ्टवेअर प्रिंटरला शोधतं ३७८ हेक्स या पत्त्यावर आणि कॉम१ ला, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टला, ३एफ८ वर. असल्या कार्डाला हे पत्ते मिळत नाहीत, बायोस त्यांना वरच्या आकड्यांतला कुठलातरी पत्ता देतं, डी०००, ई००० असलं काहीतरी. म्हणजे कार्ड दिसलं तरी फॉक्सप्रोला ते सापडणार नाही. पैसे वाया गेले म्हणायचे.

मिरजेचा_मेकॅनिक

केबलवाले, ते शुद्ध डॉस किंवा विंडोज ९८ असेल तर. विंडोज ७ बत्तीस बिटमध्ये डॉसचा प्रोग्राम खऱ्या हार्डवेअरला हातच लावत नाही, मध्ये एनटीव्हीडीएम नावाचा विंडोजचा दुभाषी असतो. प्रोग्राम म्हणतो ३एफ८, ते एनटीव्हीडीएम पकडतं आणि विंडोजच्या कॉम१ कडे वळवतं. मग विंडोजचा कॉम१ प्रत्यक्षात कुठल्याही पत्त्यावर असू दे. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलून कॉम१ केला की काम होतं. एलपीटीचंही, म्हणजे पॅरलल पोर्टचंही, तसंच.

कराडचा_केबलवाला

हे माहीत होतं पण चालतं का नेहमी? माझ्याकडे एका पेट्रोल पंपावर नाही चाललं.

मिरजेचा_मेकॅनिक

तिथे लॉक होतं का सॉफ्टवेअरला, म्हणजे चोरीची कॉपी चालू नये म्हणून पोर्टला लावतात ती डबी? लॉक असलं की गोष्ट वेगळी.

अडतवाला_सांगली

मेकॅनिकदादा, पट्टीचंच होतं ओ! पत्रा काढून नुसतं कार्ड बसवलं आणि लगेच आवाज आला, नवीन हार्डवेअर म्हणून. सीडीवरचा ड्रायव्हर टाकला. आता पट्टी थोडी वाकवून व्यवस्थित आवळलीय, कार्ड हलत नाही.

पण कार्डाचे पोर्ट आले कॉम३ आणि एलपीटी३ म्हणून. कॉम१ नंबर द्यायला गेलो तर आधीच वापरात आहे म्हणतंय, तरी दिला, आणि काटा चालला!! वजन स्क्रीनवर येतंय. एलपीटी१ पण केलं. पण सॉफ्टवेअर पट्टी काढायच्या आधी लॉक नॉट फाउंड म्हणून बंद पडतं. आणि हो लॉक आहे, सांगायचं राहिलं, प्रिंटरच्या केबलच्या आणि मशीनच्या मध्ये एक पांढरी डबी लावलेली असते ती.

कराडचा_केबलवाला

😀 घ्या. आता बोला मेकॅनिकराव.

मिरजेचा_मेकॅनिक

बोलतो की. लॉकच्या बाबतीत पत्त्याचं म्हणणं केबलवाल्यांचंच खरं. लॉकला स्वतःचा ड्रायव्हर असतो, तो एनटीव्हीडीएमला न जुमानता सरळ खऱ्या पोर्टवर जाऊन बघतो, आणि जुने ड्रायव्हर ३७८, २७८, ३बीसी या ठरलेल्या जागांच्या पलीकडे बघतच नाहीत. कार्डावर ते लॉक बहुतेक कधीच सापडणार नाही. यूएसबी ते पॅरलल केबलचा विचार कुणी सांगितला तर तोही सोडा, ती केबल फक्त प्रिंटिंगपुरती, लॉकसाठी शून्य.

पण दादा तुम्ही एक लाखमोलाची गोष्ट लिहिलीत. कॉम१ आधीच वापरात आहे. कोण वापरतंय? कार्ड काढून मशीन चालू करा आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्स उघडून बघा काय दिसतं ते.

अडतवाला_सांगली

कार्ड काढलं. तरी कम्युनिकेशन्स पोर्ट कॉम१ आणि प्रिंटर पोर्ट एलपीटी१ दोन्ही दिसतायत. मागे तर भोकच नाही!

विट्याचा_वायरमन

मी मध्ये बोलतो, मेकॅनिकदादांचं काम हलकं करतो. मागे भोक नाही पण बोर्डावर पोर्ट आहे. कंपन्या मागची जागा वाचवायला किंवा खर्च वाचवायला कनेक्टर देत नाहीत, पण बोर्डावरच्या सुपर आयओ नावाच्या चीपमध्ये सिरियल आणि पॅरलल असतंच, ते बोर्डाच्या कडेला पिनांवर आणून सोडलेलं असतं. बोर्डाच्या खालच्या कडेला टॉर्च मारून बघा, एलपीटी किंवा पीआरएन असं छापलेलं आणि दोन ओळींत २५ पिना, म्हणजे १३ च्या दोन ओळी आणि एक पिन मुद्दाम नाही. कॉमचं तसंच, ९ पिना आणि एक रिकामी जागा. शेजारी यूएसबीचे हेडरपण (बोर्डावरच्या पिनांचे गट) ९ पिनांचेच असतात, त्यात कॉमची केबल घालून बसू नका, ५ व्होल्ट उलटीकडे गेले तर पोर्टचा निकाल लागेल. छापलेलं वाचूनच लावा.

पिना सापडल्या तर बाजारात पट्टीसकट रिबन केबल मिळते, एका टोकाला २५ पिनांचं बाहेरचं कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला हेडरचं. जुन्या सामानवाल्याकडे भंगार पेंटियम मशीनच्या मागे अशाच पट्ट्या असतात. तुम्ही मागवलेलं कार्ड सिरियलसाठी ठेवा, चालतंय ते चालू द्या. फक्त पॅरलल बोर्डावरून घ्या.

मिरजेचा_मेकॅनिक

अगदी हेच. एक सावधगिरी, काही बोर्डांवर विंडोजमध्ये पोर्ट दिसतो पण पिनाच लावलेल्या नसतात, नुसती रिकामी भोकं असतात. त्यामुळे आधी बघा मग केबल घ्या. पिना नसतील तर मोबाइल रिपेअरवाल्याकडून पिनांची पट्टी सोल्डर करून घेता येते, पण जवळचे बारीक कपॅसिटरही सोडले असतील तर खात्री नाही.

पिना असतील तर कार्डाचा पॅरलल परत एलपीटी३ करा नाहीतर दोघांची मारामारी. बायोसमध्ये पॅरलल पोर्ट ३७८, आयआरक्यू ७, आणि मोड एसपीपी किंवा नॉर्मल. ईसीपीवर काही जुनी लॉकं रुसतात.

सिरियलची रिबन कधी घेतलीत तर लक्षात ठेवा, तिचे दोन प्रकार येतात, वायरांचा क्रम वेगळा, बघून ओळखू येत नाही. लावल्यावर ९ पिनांच्या कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका वायरच्या तुकड्याने जोडा, पुटी नावाचा प्रोग्राम उघडा, सिरियल निवडा, फ्लो कंट्रोल नन करा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं स्क्रीनवर आलं तर पोर्ट आणि रिबन दोन्ही ठीक.

अडतवाला_सांगली

पिना आहेत! बॅटरीच्या उजेडात दिसल्या, एलपीटी लिहिलंय. भाचा शहरात जुन्या सामानवाल्याकडून रिबन घेऊन आला, बायोसमध्ये ईसीपी होतं ते एसपीपी केलं. लॉक सापडलं आणि तीन कॉपीची पट्टी निघाली. हमाल लोकसुद्धा बघायला आले 😀 सगळ्यांचे आभार.

आता परत वीज पडली तर काय करायचं तेवढं सांगा. काटा गोडाऊनच्या दारात आहे, ऑफिसपर्यंत वायर बरीच लांब आहे, पत्र्याच्या शेडखालून येते.

विट्याचा_वायरमन

तिथेच घोळ आहे. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरच्या आत धरावी असा संकेत आहे, त्याहून लांब चालते कधीकधी पण विजेला आमंत्रणच. काटा एका अर्थिंगवर, मशीन दुसऱ्या अर्थिंगवर, जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधला फरक त्या सिग्नलच्या वायरीतून पळतो आणि सगळ्यात कमजोर चीप उडते. यूपीएस याला काही करू शकत नाही, तो पॉवरच्या वाटेवर आहे आणि हे सिग्नलच्या वाटेने येतं. मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर लावा, सिरियलसाठी तयार डबी मिळते, आत सिग्नल प्रकाशातून जातो, तांब्याचा जोड राहत नाही. दोन्ही बाजूंना वेगळी पॉवर लागणारा घ्या. आणि ढग दाटून आले की काट्याची केबल काढून ठेवायची सवय लावा, त्याला खर्च नाही. कार्डावरचा पोर्ट गेला तर कार्ड बदलता येईल, म्हणून पण सिरियल कार्डावरच राहू द्या, बोर्डावर नको.

कुपवाड_सीएनसी

धागा माझ्या कामाचा निघाला. आमच्याकडे कोरीवकामाचं राउटर मशीन माक३ या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याला पॅरलल लागतं. बोर्डावर पिना नाहीत, सोल्डरची भोकंपण नाहीत, मी बघितलं. असलं कार्ड घेतलं तर चालेल का, की इथेपण लॉकसारखंच?

मिरजेचा_मेकॅनिक

माक३ सरळ पोर्टवरच बोलतं, पण त्यात पोर्टचा पत्ता आपण टाकू शकतो, तो मोठा फरक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॅरलल पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये रिसोर्सेसवर जा, आयओ रेंज दिसेल, एकापेक्षा जास्त दिसल्या तर पहिल्या रेंजचा सुरुवातीचा आकडा आधी टाकून बघा, माक३ मध्ये पोर्ट्स अँड पिन्समध्ये ३७८ च्या जागी. विंडोज मात्र बत्तीस बिटच पाहिजे, त्याचा पॅरलल ड्रायव्हर चौसष्ट बिटवर येत नाही. आणि सगळ्याच कार्डांच्या चीप यात सारख्या वागत नाहीत, तेव्हा परत घ्यायची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, आणि पहिल्यांदा चालवताना स्पिंडल बंद ठेवून नुसते अक्ष हलवून बघा.