विषय: मे महिन्यातली संध्याकाळ – ‘टेडएक्स’ घ्यायचं का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी ठरलेलंच आहे. नाटकांना आणि मुलांच्या नाचांना आपल्याकडे तोटा नाही. पण इथे अमेरिकेत आपल्या मंडळात वर्षानुवर्षं शेजारी बसून जेवणारी माणसं एकमेकांच्या कामाबद्दल ‘आयटीत आहेत’ यापलीकडे काही सांगू शकत नाहीत. म्हणून मे महिन्यात एक संध्याकाळ नुसत्या बोलण्याची ठेवावी, असं समितीत निघालं. टेड म्हणजे छोट्या भाषणांची नावाजलेली परिषद, आणि तिच्या लायसन्सवर स्थानिक लोक भरवतात तो कार्यक्रम टेडएक्स. ते लायसन्स घेतलं तर नावाच्या ओढीने तरुण मंडळी येतील आणि व्हिडिओही दूरवर जातील. काय वाटतं?

*

प्रेषक: माजी कार्यवाह

नमस्कार,

कल्पना फक्कड आहे. लायसन्ससाठी मात्र घाई नको.

टेडएक्स २००९ मध्ये सुरू झालं. लायसन्सला पैसे पडत नाहीत, पण ते मंडळाला मिळत नाही, एखाद्या व्यक्तीला मिळतं आणि कार्यक्रमाला नाव गावाचं किंवा वस्तीचं द्यावं लागतं. म्हणजे नावात मंडळ कुठेच नाही. (कार्यकारिणीच्या दोन बैठका यातच जातील.) लायसन्स घेणारा टेडच्या मूळ परिषदेला जाऊन आलेला नसेल तर १०० च्या वर श्रोते चालत नाहीत. भाषण १८ मिनिटांच्या आत, वक्त्याला मानधन नाही, मंचावरून मालाची जाहिरात नाही, धर्माचा किंवा पक्षाचा प्रचार नाही. अटी शहाणपणाच्या आहेत. त्यातल्या निम्म्या मी तशाच्या तशा उचलीन, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

व्याख्यान ऐकायला जायची सवय आपल्याला टेडच्या कॅलिफोर्नियाने लावलेली नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजूनही उन्हाळ्यात भरते. गावोगावी त्याच वळणाच्या व्याख्यानमाला निघाल्या. मे महिना तुम्ही सुचवलात, तो त्या अर्थानेही बरोबर आहे.

तिथून एक गोष्ट मात्र इकडे आणायची नाही, ती म्हणजे प्रास्ताविक, परिचय, सत्कार, आभार ही वरात. आपल्याच एका कार्यक्रमात पाहुण्यांच्या परिचयात त्यांची चौथीची स्कॉलरशिपसुद्धा आली. मग शाल-श्रीफळ, मग प्रायोजकांचे सत्कार. पाहुणे बोलायला उभे राहिले तोवर मागून वड्यांचा वास सुटला आणि अर्धा हॉल उठला. त्यामुळे माझं म्हणणं, या वेळी परिचय दोन वाक्यांत आणि सत्कार कुणाचाच नाही. अध्यक्षांचाही नाही. अध्यक्ष ही मेलयादी वाचतात, हे ठाऊक असूनच लिहितोय.

खरं काम वक्ते निवडण्यात आहे. आवाहन केलं की लोक विषय पाठवतात, मुद्दा पाठवत नाहीत. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’ हा विषय झाला. मुद्दा कसा असतो सांगतो. आपल्यातल्या एक ताई इथल्या आयसीयूत रात्रपाळीच्या नर्स आहेत. त्या मला म्हणाल्या, “काका, डॉक्टर आजोबांना विचारतात आणि उत्तर मुलगा देतो. दुखतंय कुठे, हे आजोबांच्या तोंडून कुणी ऐकतच नाही.” इथल्या केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला रुग्णासाठी दुभाषा मोफत द्यावा लागतो, मग तो फोनवरून का असेना, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आईवडिलांना इमर्जन्सीत नेण्याची वेळ आपल्यातल्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. हे बारा मिनिटांचं भाषण झालं, आणि ऐकणारा घरी गेल्यावर वेगळं वागेल.

अशी पाच माणसं मिळाली तर पुरे. दहा नकोत.

मग तालमी. आपल्याकडे नाटकाच्या तालमी दोन महिने चालतात आणि भाषण मात्र गाडीतून येताना तयार होतं. पहिली तालीम फोनवर, स्वतःचं स्वतः रेकॉर्ड करून. दुसरी कुणाच्या तरी दिवाणखान्यात, तीन श्रोत्यांसमोर, आणि तिघांपैकी एकही वक्त्याच्या धंद्यातला नको. कुठे चुळबुळ झाली ते तिघांनी सांगायचं, कौतुक नंतर. तिसरी हॉलमध्ये, माइक लावून. अनुभवाने सांगतो, सुरुवातीची दोन मिनिटं बहुतेकांची कापता येतात. त्यांत ‘मी काही वक्ता नाही’ आणि हवामान एवढंच असतं. पाठांतर नको, हातात पाच शब्दांची चिठ्ठी चालेल. स्लाइडवर चित्र किंवा फोटो, वाक्यं नाहीत.

प्रश्नांबद्दल. टेडच्या साच्यात श्रोत्यांना फारसं बोलायला मिळत नाही. आपल्याकडे उलट. माइक हातात आला की प्रश्नाच्या नावाखाली सहावं भाषण. म्हणून खुले प्रश्न नकोत. तीन भाषणांनंतर अर्धा तास चहा ठेवू. प्रत्येक वक्ता एका टेबलाशी बसेल, ज्याला विचारायचंय तो तिथे जाईल. लाजरी माणसंही अशी बोलतात.

*

प्रेषक: खजिनदार

काका, मुद्दे पटले. आता हिशेब. शाळेचं ऑडिटोरियम घेतलं तर भाडं, शनिवारचा रखवालदार आणि विम्याचं प्रमाणपत्र, तिन्ही लागतं. लायब्ररीची मोठी खोली ना-नफा संस्थांना फुकट आहे, पण तिकीट लावता येत नाही, दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं आणि लायब्ररी बंद व्हायच्या आधी खुर्च्या आपण घडी करून ठेवायच्या. मला लायब्ररी बरी वाटते. पैसे वाचतात म्हणून म्हणतोय हे उघड आहे. पण शेजारचे अमराठी लोकही डोकावतील, त्यांना आपण गणपतीच्या ढोलापलीकडे कधी भेटलेलो नाही.

*

प्रेषक: मराठी शाळा, शनिवारचा वर्ग

नमस्कार काका, नमस्कार सगळ्यांना,

आवाहनाच्या मेलने जे येतील ते नेहमीचेच येतील. ज्यांना बोलावायला हवं ती माणसं ही यादी वाचतच नाहीत. सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सोडायला तिची आजी येते. खानदेशात अंगणवाडी सेविका होत्या. वजनकाटा झाडाच्या फांदीला टांगायचा, खाली झोळी बांधायची. बाळाला दृष्ट लागेल म्हणून बाया मुलांना मागच्या दाराने पळवायच्या. मग त्यांनी काय केलं, तर आधी गावच्या पाटलांच्या नातवाला झोळीत बसवलं! दुसऱ्या दिवशी ओट्यावर रांग. हे त्यांनी मला पार्किंगमध्ये उभ्या-उभ्या सांगितलं. ‘भाषण कराल का’ विचारलं तर लगेच, “अगं बाई, मला काय येतंय!”

अशांना लिहून आणा म्हणू नये. समोर बसून विचारायचं, फोन चालू ठेवायचा आणि मग त्यांच्याच बोलण्यातून बारा मिनिटं निवडायची. मंचावरही खुर्ची देऊ, शेजारी मी बसेन. अहिराणी आली तर येऊ दे.

माझ्या मोठ्या वर्गातली मुलं मराठी-इंग्रजी मिसळून बोलतील. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, त्यांना तयारीला लावून मग नाही म्हणायला नको. वेळ दाखवायलाही मुलंच ठेवू. हिरवं, पिवळं, लाल कार्ड, टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांमध्ये दिवे असतात तसं. आठवीतल्या मुलीने लाल कार्ड धरलं की मोठी माणसं निमूट थांबतात.

*

प्रेषक: ध्वनिव्यवस्था

एकच. कॉलरचा माइक मंगळसूत्रावर आणि साडीच्या पदरावर घासतो, सगळ्या व्हिडिओत खरखर येते. गेल्या दिवाळीचं रेकॉर्डिंग ऐका. हेडसेट किंवा स्टँडचा माइक. तालमीतही तोच.

*

प्रेषक: एक सदस्य

वडे आधी की नंतर?

*

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नंतर. मध्ये फक्त चहा-बिस्किटं, आणि लायब्ररीत तळणाचे पदार्थ चालतात का हे विचारून सांगते.

आज कार्यकारिणीशी बोलले. टेडएक्सचं लायसन्स घेत नाही. लायब्ररीतली खोली, पाच वक्ते, प्रत्येकी बारा मिनिटं. मिसळलेली भाषा मुलांना चालेल, मोठ्यांनी मात्र मराठीतच बोलायचं. अमराठी पाहुण्यांसाठी प्रत्येक भाषणाचा अर्ध्या पानाचा इंग्रजी सारांश खुर्चीवर ठेवू, तो वक्त्याने नाही, समितीने लिहायचा. सत्कार नाहीत. अध्यक्षांनी यावर फक्त ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर दिलंय.

काका, नर्सताईंशी तुम्हीच बोला, त्यांची ड्युटी बघून तालमीचे दिवस ठरवू. शाळेच्या ताई, आजींचा परतीचा विमान-दिवस आधी विचारा. त्या एप्रिलअखेर निघणार असतील तर तारीखच अलीकडे घ्यावी लागेल, आणि ती मी घ्यायला तयार आहे.

बाकीच्यांनी विषय पाठवू नयेत. ऐकणाऱ्याला जे सांगायचंय ते एका वाक्यात लिहून पाठवा, मेल थेट समितीला, सगळ्या यादीला नको.